हातातलं अर्धवट सोडणारा मुलगा

“हा एक गोष्ट तडीस नेत नाही. जरा अडलं की आदळआपट, मग सामान महिनोन्‌महिने पडून.” वयात आलेल्या मुलांबद्दल ही तक्रार माझ्याकडे फार येते. अशाच एका 19 वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुन्या सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, बसवून त्याने इलेक्ट्रिक बाइक करायला घेतली होती. पहिल्याच चाचणीत थ्रॉटल दिला आणि मोटरचा आस फ्रेमच्या खाचेत गरकन फिरला. आसातून बाहेर येणाऱ्या वायरी पिळवटून तुटल्या. मोटर चाकाला जेवढ्या जोराने फिरवते तेवढाच उलटा पीळ आसावर येतो, तो नुसत्या नटांच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून टॉर्क आर्म लागतो: आसाच्या सपाट बाजू घट्ट धरणारी, दुसऱ्या टोकाला फ्रेमशी जखडलेली पोलादी पट्टी. ती घरी घडवताना तीन तुकडे वाया गेले, चौथा भिंतीवर भिरकावला गेला, आणि आई त्याला घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी रागाबद्दल विचारत राहिले, ही माझी चूक. तो हूं, नाही, यापलीकडे गेला नाही. दुसऱ्या वेळी ते चारही तुकडे आणायला सांगितले. ते टेबलावर येताच तो बोलू लागला. पट्टीत आस बसायची खाच 10 मिलिमीटरची हवी होती, पण तिच्या कडा मध्ये फुगीर, टोकांना उतरलेल्या. आस मध्यावर अडायचा आणि तरी डुलायचा.

“मग काय केलंस?”

“अजून जोरात घासलं.”

“कुठे?”

तो थांबला. “सगळीकडेच.”

मला धागा सापडला तो इथे. पुढे काय करायचं ते दिसेनासं झालं की तो जोर वाढवायचा, आणि घरात त्यालाच ‘उतावळा’ म्हणत. (राग सगळीकडेच उफाळत असेल, झोप उडाली असेल, तर मी वेगळा विचार करते. इथे तसं नव्हतं.)

ओळखीच्या एका फिटरकाकांनी त्याला कानस धरायला शिकवलं: पुढे जाताना कापायचं, मागे आणताना उचलायची. खाचेच्या कडांना मार्करची शाई लावून आस सरकवायचा. शाई पुसली जाईल तिथेच उंचवटा. तेवढ्याच जागी दोन हात मारायचे, पुन्हा शाई. मी त्यात एकच भर घातली: चीड आली की कानस खाली ठेवून मार्कर उचलायचा. आणि आईवडिलांना म्हटलं, “‘झालं का?’ विचारू नका. ‘शाई कुठे पुसली?’ विचारा.”

पाचव्या पट्टीला अकरा संध्याकाळी लागल्या. सहाव्या संध्याकाळी कानस आपटली, हेही त्यानेच सांगितलं. पट्टी दाखवायला आणली तेव्हा तिच्या कडेला निळी शाई अजून होती. दुसऱ्या बाजूची पट्टी बाकी होती. ती होईपर्यंत मोटरच्या वायरी जोडायच्या नाहीत, असं त्याने ठरवलं होतं.