महायुद्धाच्या काळात बेळगावच्या छावणीत रंगरुटाचा दिवस कसा जायचा?

माझे आजोबा १९४३ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, तेव्हा बेळगावच्या सेंटरला होते. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो.

उजाडायच्या आत बिगुल, मग पीटी, कवायत, संध्याकाळी गणती. पण आजोबा भरभरून बोलायचे ते रायफलीबद्दल. ली-एनफिल्ड, वजन साधारण ४ किलो. फुलथ्रूच्या दोरीला चिंधी अडकवून नळीतून ओढायची, तेलाचा हात फिरवायचा, आणि उस्ताद नळीला डोळा लावून ‘ठीक’ म्हणेपर्यंत जीव टांगणीला. धुळीचा कण दिसला की रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या!

रोमन लिपीतली उर्दूही शिकावी लागे, कारण फौजेत हुकूम आणि शिकवणी त्याच भाषेत. कधी पाटी न धरलेली पोरं तिथे सही करायला शिकली. मला ही गोष्ट कवायतीपेक्षा मोठी वाटते.

१९३९ ला जेमतेम २ लाखांची हिंदी फौज १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली, त्यामुळे सगळीच घाई. याच पलटणीतले यशवंत घाडगे इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांच्या शेजारच्या खाटेवरचा पोरगाही इटलीहून परतला नाही. त्याची आठवण निघाली की आजोबा उठून अंगणात जायचे.