शुगर कंट्रोलमध्ये, इको नॉर्मल, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाबा ६३ वर्षांचे, १४ वर्षं शुगर, तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७.१, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही नॉर्मल, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११२, आणि तरी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली म्हणून बाबा चिडलेत, मला हार्टचं काही नाही म्हणतात. शिवाय तुम्ही विचारलंय की हार्टचे आजार असतात तरी किती प्रकारचे आणि शुगरचा त्यांच्याशी संबंध काय. मी डॉक्टर नाही, पण मला स्वतःला १७ वर्षं शुगर आहे आणि थोरल्या भावाचं आजारपण मीच काढलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी इकोचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो. इकोत हृदयाचा स्नायू किती जोरात काम करतो, झडपा नीट उघडतात-मिटतात का हे दिसतं. पण हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या ज्या बारीक नळ्या आहेत त्यांच्या आत काय साठलंय ते इकोत दिसत नाही. पडल्या पडल्या काढलेला ईसीजी पण नळीत चांगला ब्लॉक असताना नॉर्मल येऊ शकतो. इको नॉर्मल आला ही चांगलीच गोष्ट आहे, पंप ठणठणीत आहे, पण म्हणून नळ्या साफ आहेत असं नाही.

मी उभी नोकरी साखर कारखान्यात केली. तिथे रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून स्केल धरतो, काही दिवसांनी गाळप थांबवून त्या साफ कराव्याच लागतात, आत बोट घातलं की तो खरखरीत थर हाताला लागतो. हार्टच्या नळ्या पण अशाच हळूहळू चोंदत जातात आणि पार बंद झाल्या की अटॅक, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. दादाच्या अँजिओग्राफीनंतर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा समजलं की तसं नसतं. चरबी साठते ती नळीच्या भिंतीच्या आत, तिच्यावर एक पातळ पापुद्रा असतो, आणि तो फाटला की त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि नळी काही मिनिटांत बंद पडते. फाटणाऱ्या थराने बऱ्याचदा नळीची ४०-५० टक्केच जागा अडवलेली असते, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत जिना चढताना सुद्धा त्याने काही कळू दिलेलं नसतं. कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) एलडीएल तर उतरवतेच, पण तो पापुद्रा पण बळकट करते. म्हणून चाळिशीनंतर शुगर असेल तर हार्टचा काही त्रास नसताना सुद्धा ती देतात. रिपोर्टवर छापलेली रेंज सरसकट सगळ्यांची असते, शुगरवाल्याचा एलडीएल ७० च्या खाली हवा आणि एकदा अटॅक किंवा स्टेंट झाला असेल तर ५५ च्या खाली. त्या हिशोबाने बाबांचे ११२ जास्तच आहेत.

आता शुगरचा संबंध. जास्त साखर वर्षानुवर्षं रक्तात राहिली की नळीचं आतलं अस्तर खराब होतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात ते भिंतीत लवकर शिरतात, आणि रक्त पण लवकर गोठतं. आणि नळ्या काय फक्त हार्टला नसतात, म्हणून हा आजार जिथे जिथे नळ्या आहेत तिथे निघतो. हृदयाच्या नळीत झालं तर अंजायना (श्रम केले की छातीत दुखणं) किंवा अटॅक. मेंदूच्या नळीत झालं तर पॅरालिसिस, त्याला कारण म्हणून बीपी सगळ्यात पुढे, शुगर त्याच्या जोडीला. हृदयाचे ठोके अनियमित पडणं हा अजून एक प्रकार, त्यातल्या एका प्रकारात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाते, त्यामुळे नाडी वेडीवाकडी लागली तर अंगावर काढू नका. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोबडं बोलणं यातलं एक जरी अचानक दिसलं तरी ते किती वाजता सुरू झालं ते ध्यानात ठेवा आणि थेट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लहानपणी घसा बिघडून सांधे धरले आणि पुढे झडप खराब झाली, किंवा जन्मतःच हृदयाला छिद्र आहे, हे पण हृदयरोगच, पण ते त्या माणसाच्या शुगरमुळे किंवा खाण्यापिण्यामुळे होत नाहीत, तेव्हा अशा माणसाला "तू काय खाल्लंस" म्हणून कुणी बोल लावू नये.

पायांबद्दल मात्र मला जास्त सांगायचंय, कारण आमच्या घरात आजार तिथून दिसायला लागला होता आणि आम्हाला तो कळला नाही.

दादा आणि मी रोज संध्याकाळी देवळापर्यंत जायचो. वाटेत भांड्यांचं दुकान लागतं, दादा तिथे थांबायचा, दुकानदाराशी दोन शब्द बोलायचा, मग पुढे पिठाच्या गिरणीपाशी परत थांबायचा. मला वाटायचं माणूस बोलका आहे. नंतर कळलं की त्याची पोटरी आवळून यायची, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायची, परत तेवढंच अंतर चाललं की परत आवळायची. ही पायाच्या नळ्या अरुंद झाल्याची अगदी ठळक खूण आहे. आणि पायाच्या नळ्या अरुंद असतील तर हार्टच्या आणि मेंदूच्या पण धोक्यात असणार असं समजूनच चालायचं. घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली आलं की गडबड आहे. साधी तपासणी, सुई नाही काही नाही, पण आम्ही कधी विचारलीच नाही.

मग २०१६ च्या श्रावणात एके दिवशी पहाटे दादा घामाघूम होऊन उठला. छातीत दुखत नव्हतं हे मी मुद्दाम सांगतो, अजिबात नाही. नुसतं मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय म्हणाला. बनियन पिळून काढावी इतकी ओली. वहिनीने शुगर उतरली असेल म्हणून मशीन लावून बघितलं तर २६०. मग ॲसिडिटी म्हणून सोडा दिला, ओवा दिला आणि झोपवलं. दुपारी दम लागायला लागला तेव्हा नेलं, तोपर्यंत हृदयाच्या स्नायूचा बराच भाग गेला होता. बरीच वर्षं शुगर असली की नसा बधिर होतात, तळपायाच्या होतात तशा हृदयाच्या पण, म्हणून दुखण्याचा निरोप वरपर्यंत पोचतच नाही. तेव्हा शुगरवाल्या माणसाला कारण नसताना दरदरून घाम, दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत अवघडल्यासारखं झालं तर गॅस म्हणू नका, १०८ ला फोन लावा आणि ईसीजी काढा. ओव्यात गेलेले ते सहा तास मला अजून टोचतात.

त्यानंतर दादाला आणखी एक प्रकार बघावा लागला, हार्ट फेल्युअर. पंप अशक्त, पायाला सूज, तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. अटॅक न येता नुसत्या शुगर-बीपीने सुद्धा हृदयाचा स्नायू कडक होऊन हे होऊ शकतं, आणि त्यात पंपिंगचा आकडा नॉर्मल दिसतो, म्हणून इको नॉर्मल असून दम लागत असेल तरी सोडून देऊ नका. शुगरच्या काही गोळ्या इथे हार्टलाच मदत करतात, २०१५ ला त्यातल्याच एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचा मोठा अभ्यास आला त्यात हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. उलट पायोग्लिटाझोन या शुगरच्याच दुसऱ्या गोळीने अंगात पाणी साठतं, फेल्युअरवाल्याला ती देत नाहीत. बाबांची कुठली गोळी चालू आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या, आपल्या मनाने बदलू नका.

आणि बाबांना हे नक्की सांगा की एकटी शुगर खाली आणून भागत नाही. अमेरिका-कॅनडात दहा हजारांवर लोकांवर ॲकॉर्ड नावाचा अभ्यास झाला, त्यात एका गटाची तीन महिन्यांची शुगर जोर लावून ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न केला तर त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. डेन्मार्कमध्ये स्टेनो-२ नावाच्या अभ्यासात फक्त १६० माणसं होती, पण त्यातल्या अर्ध्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, चालणं, सिगारेट, सगळं एकत्र धरून सुमारे आठ वर्षं उपचार केले, आणि एकवीस वर्षांनी बघितलं तर ती माणसं बाकीच्या अर्ध्यांपेक्षा जवळपास आठ वर्षं जास्त जगली. मला हे वाचल्यावर स्वतःच्या वहीत शुगरच्या शेजारी बीपीचा रकाना आखावासा वाटला, तो आजपर्यंत चालू आहे.

बाबा बारीक आहेत म्हणून निर्धास्त आहेत असं तुम्ही लिहिलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी मित्राची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं हातापायाने काटकुळी आणि पोटात चरबी अशीच असतात. वजनकाटा राहू द्या, टेप घेऊन कंबर मोजा, पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत हवी.

खाण्याचं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून जे आमच्याकडे खरंच टिकलं तेवढंच सांगतो. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणलं आणि ताटावरून उठल्या उठल्या पंधरा मिनिटं शतपावली, माझी जेवणानंतरची शुगर याने जेवढी उतरली तेवढी कडू रसांनी कधी उतरली नाही. भात बंद नाही केला, वाटीने घ्यायला लागलो, आधी भाजी-उसळ खायची मग भात. पापड-लोणचं रोजच्या ताटातून काढलं, बीपीसाठी. उपासाला साबुदाणा खिचडीऐवजी भगर थोडी आणि ताक. आणि तंबाखू. सिगारेट ओढत नाही म्हणून बरेच जण सुटलो समजतात, पण मळून खाल्लेली तंबाखू आणि बायकांची मिश्री यातून पण निकोटीन रक्तात जातंच. दादाने तंबाखू सोडली ती अटॅकनंतर, चाळीस वर्षांची सवय, मी त्याच्या खिशात बडीशेपेची डबी ठेवायचो.

बाबांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्याल तेव्हा लघवीतलं प्रोटीन (एसीआर) झालंय का ते बघा, किडनीच्या बारीक नळ्या गळायला लागल्या की हार्टचा धोका पण वाढलेला असतो. दोन्ही पायांची नाडी बघायला सांगा. स्टॅटिनने अंग दुखलं तर गोळी परस्पर बंद न करता सांगा, डोस किंवा गोळी बदलून मिळते. आणि घरी पोटरीबद्दल विचाराल तेव्हा "पाय दुखतो का" असं विचारू नका. "चालताना मध्ये थांबावं लागतं का" असं विचारा. दादा पहिल्या प्रश्नाला कायम नाहीच म्हणायचा.