ऐकल्याशिवाय विकू नये : रेकॉर्डप्रेमी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील ध्वनिमुद्रिकांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत दोन प्रकारचे प्रश्न वारंवार दिसले. घरातले टर्नटेबल पुन्हा चालू कसे करावे, हा एक. आणि वडीलधाऱ्यांनी जमवलेल्या रेकॉर्ड्स परगावच्या संग्राहकांना टपालाने कशा विकाव्यात, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी मुद्दाम एकत्र देत आहे. सोन्याचा व्यवहार करणाऱ्याला जसा खरा तराजू लागतो, तसे रेकॉर्ड विकणाऱ्याला नीट लावलेले टर्नटेबल लागते. ते नसेल तर आपण काय विकत आहोत हे विक्रेत्यालाच ठाऊक नसते.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाने न्यू जर्सीहून आपले जुने, पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल मला दिले. ते 110 व्होल्टचे असल्यामुळे मी ट्रान्सफॉर्मर लावला आहे. मात्र प्रत्येक गायिकेचा आवाज जड येतो आणि लय रेंगाळते. माझ्या साठ-सत्तर एलपी खराब झाल्या असे समजून त्या विकून टाकाव्यात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कृपया एकही रेकॉर्ड विकू नका. दोष तबकड्यांचा नाही, विजेच्या वारंवारतेचा आहे. अमेरिकेत घरगुती वीज 60 हर्ट्झची असते, आपल्याकडे 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, वारंवारता बदलू शकत नाही. जुन्या पट्ट्याच्या यंत्रांतली सिंक्रोनस मोटर थेट वारंवारतेच्या मागे धावते, त्यामुळे तुमची तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम 27.8 फेरे घेत असणार, म्हणजे खऱ्या गतीच्या पाच षष्ठांश. स्वरांच्या भाषेत सांगायचे तर काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज पांढरी चारवर उतरतो, आणि वीस मिनिटांची बाजू संपायला चोवीस मिनिटे लागतात. घरी पेटी असेल तर हे पाच मिनिटांत पडताळून पाहता येईल.

गती मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग असा : थाळीच्या कडेला कागदाची चिंधी चिकटवा, सुई रेकॉर्डवर ठेवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटांतले फेरे मोजा. ते बरोबर 100 भरले पाहिजेत. तुमचे 83 च्या आसपास भरतील. रेषा आखलेली स्ट्रोब तबकडी (गती बरोबर असली की दिव्याखाली तिच्या रेषा स्थिर दिसतात) वापरणार असाल, तर ती 50 हर्ट्झसाठीचीच घ्या. 33⅓ गतीसाठी आपल्याकडच्या तबकडीवर 180 रेषा असतात, तर अमेरिकेच्या तबकडीवर 216. घरातल्या अनेक एलईडी दिव्यांखाली या रेषा नीट स्थिर दिसत नाहीत. लहानशा निऑन दिव्याखाली चांगल्या दिसतात.

उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली बदलणे. काही कंपन्या एकाच यंत्रासाठी 50 आणि 60 हर्ट्झच्या वेगवेगळ्या पुल्या बनवत असत, त्यामुळे आधी तिचा शोध घ्यावा. ती न मिळाल्यास, घेराच्या मापाने एक पंचमांश मोठी पुली चांगल्या लेथ कारागिराकडून करून घेता येते. हा त्रास सर्वच परदेशी यंत्रांना होत नाही. अडॅप्टरवर चालणारी डीसी मोटरची यंत्रे आणि टेक्निक्स एसएल-1200 च्या क्वार्ट्झ नियंत्रित आवृत्त्या यांची गती वारंवारतेवर अवलंबून नसते. तिथे फक्त व्होल्ट सांभाळावे लागतात.

प्रश्न : सुई एकाच जागी अडकते किंवा उड्या मारते, म्हणून वडील टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकावर रुपयाचे नाणे ठेवत असत. मीही तेच करतो. हे योग्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : योग्य नाही, आणि ज्या रेकॉर्ड विकायच्या आहेत त्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. रुपयाच्या अलीकडच्या नाण्यांचे वजन तीन ते पाच ग्रॅम भरते. आजच्या बहुतेक कार्ट्रिजना (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) एकूण दोन ग्रॅमच्या आसपासच भार हवा असतो. ऑर्टोफॉन टू-एम रेडसाठी 1.8 ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ई साठी 2 ग्रॅम. त्यावर नाण्याचा भार पडला की हिऱ्याचे टोक खाचेच्या भिंती खरवडू लागते, आणि झालेली झीज कोणत्याही सफाईने भरून येत नाही.

आधी टर्नटेबल लाकडी फळीवर ठेवून पाणसळीने सपाट करा. मग अँटी-स्केट (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेली योजना) शून्यावर ठेवून टोनआर्मच्या मागचे वजन इतके फिरवा, की आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल. त्या स्थितीत वजन हलू न देता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा आणि नंतर वजन व कडी दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेल्या आकड्यावर थांबा. अँटी-स्केट त्याच आकड्यावर ठेवून सुरुवात करावी. सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा आता सहज मिळतो; तो जरूर घ्यावा, कारण जुन्या यंत्रांच्या कडीवरचे आकडे नेहमी विश्वासार्ह नसतात. भार फार कमी ठेवणे हेही रेकॉर्डच्या भल्याचे नाही. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, ती आपटत जाते आणि तेवढीच हानी करते.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. कार्ट्रिज टोनआर्मच्या टोकाशी असलेल्या लांबट फटींत दोन स्क्रूंनी बसते आणि तिथे पुढेमागे सरकते. कागदी प्रोट्रॅक्टर (जुळणीच्या रेषा छापलेला कागद) थाळीवर ठेवून मध्यापासून सुमारे 66 आणि 121 मिलिमीटरवरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजची बाजू छापील रेषांना समांतर येईपर्यंत ती सरकवावी. एका बिंदूवर जमले की दुसऱ्यावर बिघडते, पुन्हा पहिल्यावर यावे लागते. पहिल्या वेळी एक संपूर्ण संध्याकाळ जाईल, ती जाऊ द्यावी. बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू येत असतील, तर रेकॉर्ड झिजली असा निष्कर्ष काढण्याआधी ही जुळणी तपासावी. एरवी चांगल्या रेकॉर्डवर 'झिजलेली' असा शेरा मारून आपण ती कवडीमोलाने देऊन बसतो.

आणि इतके करूनही सुई त्याच जागी अडकत असेल, तर तो रेकॉर्डचा दोष आहे. तो विक्रीच्या वर्णनात लिहिलाच पाहिजे.

प्रश्न : टर्नटेबल स्पीकरच्या ऑक्सला जोडले, पण आवाज क्षीण आणि पातळ येतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : मधे फोनो प्रीअँप हवा. सुईकडून येणारा विद्युतसंकेत जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो, शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्जातले स्वर मुद्दाम दाबलेले आणि तारस्वर वाढवलेले असतात. ते पूर्ववत करण्याचे काम प्रीअँप करतो. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार त्याच्याच स्क्रूला बांधा, म्हणजे गुणगुण राहणार नाही.

प्रश्न : आजोबांच्या दोनशे जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या आहेत, त्यांत नाट्यसंगीत बरेच आहे. त्या एलपीच्याच सुईने वाजवून पाहिल्या तर चालेल का? त्यांवर बुरशीही आहे. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : एलपीच्या सुईने वाजवू नका. 78 ची खाच रुंद असते. तिला सुमारे 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते, तर एलपीच्या सुईचे टोक 18 मायक्रॉनच्या आसपास असते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि सगळी खरखर गोळा करते, मग उत्तम तबकडीही वाईट वाटते. पुष्कळ कार्ट्रिजना 78 साठी वेगळी सुई मिळते.

बुरशीबाबत एक इशारा फार महत्त्वाचा आहे. या तबकड्यांत लाख असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीसाठी विकली जाणारी अल्कोहोलयुक्त द्रावणे यांना लावली, तर खाचच पुसली जाईल. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. कागदी लेबल कोरडे ठेवावे, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. कोकणातल्या पावसाळ्यानंतर जुनी कागदी पाकिटे बदलणेही आवश्यक आहे, कारण बुरशी तिथूनच परत येते.

प्रश्न : किंमत कशी ठरवावी? इंटरनेटवर एकाच एलपीला कोणी पाचशे रुपये मागतो, कोणी पाच हजार. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. डिस्कॉग्जसारख्या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या प्रती पूर्वी प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या हे दिसते. त्यातला मधला आकडा धरावा. 'त्याच आवृत्तीच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, दोन्ही नोंदवा आणि तिरप्या उजेडात त्यांचे छायाचित्र घ्या. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईएएलपी, ईसीएलपी, ईसीएसडी अशी अक्षरे असतात. पहिली आवृत्ती आणि नंतरची पुनरावृत्ती यांच्या किमतींत मोठा फरक पडतो. संग्राहक तो ओळखतो, म्हणून विक्रेत्यालाही ओळखता आला पाहिजे. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे जुने अंक विशेषतः 78 च्या तबकड्यांसाठी वाचनीय आहेत. जुनी म्हणजे दुर्मीळ, असे मात्र समजू नये. ज्या तबकड्या त्या काळी घरोघरी गेल्या, त्या आजही पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात सापडतात.

अवस्थेची प्रतवारी मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड अशी उतरत जाते, आणि ती तबकडीची व कव्हरची वेगवेगळी द्यावी. 'गुड' या शब्दाने फसू नका. प्रतवारीत तो बराच खालचा दर्जा आहे. पन्नास वर्षे घरात वाजलेली एलपी निअर मिंट असणे जवळजवळ अशक्य असते. माझी पद्धत अशी आहे : दिव्याखाली पाहून एक दर्जा ठरवतो, मग दोन्ही बाजू पूर्ण ऐकून दुसरा ठरवतो, आणि दोहोंतला जो खालचा, तोच लिहितो. लेबलवर पेनाने लिहिलेले नाव, वाचनालयाचा शिक्का, कव्हरची उसवलेली कड, तिसऱ्या गाण्यातली टिकटिक, हे सर्व लिहावे. यामुळे एखादे गिऱ्हाईक जाते हे खरे, परंतु जे राहते ते पुन्हा पुन्हा आपल्याचकडे येते.

प्रश्न : टपालाने पाठवताना एलपी आणि 78 यांची बांधणी कशी करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एलपी कव्हरच्या आत ठेवून कधीही पाठवू नये. वाटेत खोका आपटला की तबकडीची कड कव्हर आतून फाडते. ती नव्या आतल्या पिशवीत घालून कव्हरच्या मागे ठेवावी, दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावीत, आणि कव्हरपेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे असे पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे दोन्ही अंगांना लावावेत. एका पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असाव्यात, म्हणजे कोणत्याही दिशेने वाकण्याला विरोध होतो. चिकटपट्टी कव्हरला लागू देऊ नये. पावसाळ्यात सर्वांत बाहेरून आणखी एक प्लास्टिक आवश्यक आहे. एप्रिल-मेमध्ये पार्सल सोमवारी टाकावे, म्हणजे रविवारी ते कुठल्या तरी तापलेल्या जागी पडून राहण्याचा संभव कमी होतो. उन्हाने व्हिनाइल, म्हणजे एलपीचे प्लास्टिक, वाकते.

लाखेची तबकडी वाकत नाही, ती फुटते. काही वर्षांपूर्वी मी सहा तबकड्या एकमेकींवर ठेवून, भोवती वर्तमानपत्रे कोंबून नागपूरला पाठवल्या आणि त्यांतल्या चार फुटून पोहोचल्या. चूक बांधणीची होती, म्हणून सगळे पैसे मी परत केले. पण त्यांतली एक तबकडी मला त्यानंतर आजवर कुठे दिसलेली नाही, आणि ती हानी पैशांनी भरून येणारी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा घालतो, सगळी चवड अजिबात हलणार नाही अशी बांधतो, ती एका खोक्यात बसवतो आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून सहाही बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर फोम भरतो. एका पार्सलात दहाहून अधिक 78 घालत नाही.

स्पीड पोस्टाचा दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतो आणि बांधलेली एक एलपी बहुधा अर्ध्या किलोच्या वर जाते. त्यामुळे दोन-तीन एलपी एकत्र घेणाऱ्याचा प्रत्येकी खर्च बराच कमी होतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. बांधणी करतानाचे चित्रण आणि पावती दोन्ही जपून ठेवा.

प्रश्न : लंडनच्या एका संग्राहकाने आजोबांची 1910 च्या सुमाराची एक तबकडी मागितली आहे. पाठवू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लगेच पाठवू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, व तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची तबकडी त्या वयाची आहे, म्हणून आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात ती दाखवून लेखी उत्तर घ्या. देशातल्या संग्राहकाला विकण्यात ही अडचण नाही. पन्नास-साठ वर्षांच्या एलपीच्या बाबतीतही ती नाही. तिच्यासाठी टपाल कार्यालयात सीएन 22 किंवा सीएन 23 हा सीमाशुल्काचा अर्ज भरावा, त्यावर 'वापरलेली ग्रामोफोन रेकॉर्ड' असे स्पष्ट लिहावे, सीमाशुल्काच्या यादीतला शीर्षक क्रमांक 8523 द्यावा आणि खरी किंमतच टाकावी. कर वाचावा म्हणून किंमत कमी लिहा, असा आग्रह खरेदीदार कधीकधी धरतात. तो मानू नये. अर्ज खोटा ठरतोच, आणि पार्सल हरवले तर भरपाईही त्या लिहिलेल्या रकमेपुरतीच मागता येते.