माहेरचा कागद, सासरचा हट्ट

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी भागातल्या देसायांची लेक आणि खानापूर तालुक्यातल्या इनामदार घराण्याची थोरली सून असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. आई आधीच गेलेली, वडील दोन वर्षांपूर्वी वारले. दोघे भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात. चुलतसासरे म्हणतात, वाटा मागितला नाहीस तर माहेरची वाट बंद. नवरा गप्प. ‘दोन्ही घरं माझीच, कुणाला दुखवू?’ असं त्या विचारतात.

ताई, भाऊबीजेला ओवाळायला जरूर जा. पण त्या ताटाशेजारी कागद आला तर एवढंच म्हणा, “दादा, कागदाची झेरॉक्स दे. वाचून, समजून घेते, मग सांगते.” यात भांडण नाही आणि होकारही नाही. भाऊ मायेचे असतील तर थांबतील.

कागद बहुतेक कन्नडमध्ये असेल आणि तुमचं शिक्षण मराठीत झालेलं. आपल्या भागात बायका फसतात त्या इथेच. ‘नुसती वारसाची सही’ म्हणून पुढे केलेल्या कागदात ‘हक्कु बिडुगडे’ म्हणजे हक्कसोड असतो, कधी मुखत्यारपत्र असतं. कन्नड जाणणाऱ्या, पण दोन्ही घरांशी संबंध नसलेल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. कोऱ्या स्टँपवर सही अजिबात नको. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रडून परत मिळत नाही, त्यासाठी कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागते.

त्याआधी महसूल खात्याच्या नाडकचेरीतून पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढा. नवव्या रकान्यात मालकांची नावं असतात, अकराव्यात बोजा. सोसायटीचं कर्ज तिथे दिसलं तर वाट्याबरोबर तेही येणार, हे धरून चाला. वंशावळही बघा, पुष्कळदा लेकींची नावं वगळून भावांच्याच नावे पौती, म्हणजे वारसाची नोंद, झालेली असते. नोंद अजून पक्की झाली नसेल तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या, झाली असेल तर असिस्टंट कमिशनरकडे अपील करा. पहाणीत नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण जमीन परस्पर विकणं सोपं होतं.

तुम्ही लिहिलेली 8 एकर 16 गुंठे जमीन वडिलोपार्जित आहे. एकराचे 40 गुंठे धरले तर ती 336 गुंठे होते. तुम्ही तिघं भावंडं, म्हणजे तुमचा वाटा 112 गुंठे, अर्थात 2 एकर 32 गुंठे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीमुळे लग्न झालेल्या लेकीलाही हा हक्क आहे. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टाची वाटणी झाली आहे का, ते वकिलाला विचारा.

हक्क सोडायचाच असेल तर मनापासून सोडा, पण भीतीपोटी नको. मोबदला ठरला तर तो कागदात लिहून बँकेतून घ्या. मला तिसरी वाट बरी वाटते : तिघांची नावं पहाणीत राहू द्या, जमीन भाऊ कसू देत. मात्र खंडाचा करार करू नका. कर्नाटकात शेतजमीन खंडाने देण्यावर कायद्याचं बंधन आहे. या वाटेत खटका उडतो तो भावांना पीककर्ज किंवा विक्री करायची झाली की, कारण तेव्हा तुमची संमती लागते. ते आधीच बोलून ठेवा.

वकील परवडत नाही असं समजू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता सासर. तुम्हाला मिळालेल्या वाट्याच्या पूर्ण मालक तुम्हीच. तुमच्यामागे तो तुमच्या मुलीचा आणि नवऱ्याचा. चुलतसासऱ्यांचा त्यात काही संबंध नाही. हे त्यांना तुम्ही सांगायला जाऊ नका. वाड्यातल्या सुनेने वडीलधाऱ्यांसमोर कायदा काढला की मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि तिच्या वळणावर बोट ठेवलं जातं. आधी नवऱ्याला एकट्याला गाठा, पहाणी आणि वरचा हिशेब समोर ठेवा. “माझं माहेर तुटलं तर तुम्हाला चालेल का?” एवढं विचारा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबा. चुलत्यांशी पुढचं बोलणं त्यांनी करायचं.