शेजाऱ्याच्या कुत्र्याने माझ्या कुत्रीला फाडलं. उपचारांचा खर्च त्याच्याकडून मागता येतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात कालवलं. पट्ट्यावर चालणारी नऊ वर्षांची स्पिट्झ, उघड्या फाटकातून धावत आलेला शेजारचा जर्मन शेफर्ड, ऑपरेशन, ४२ हजारांचं बिल, आणि वर "जनावर आहे, त्यात माझा काय दोष" हे ऐकून घ्यायचं. हो, खर्च मागता येतो. मी ठाण्यात दिवाणी कामं करणारा वकील आहे, घरात दोन कुत्री आहेत आणि असं एक प्रकरण शेवटपर्यंत लढवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोलिस स्टेशनवर फार भिस्त ठेवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही) पाळीव जनावराच्या बाबतीतल्या हलगर्जीपणाला लागतं खरं, पण त्यात धोका माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापतीचा असावा लागतो. कलम ३२५ जनावराला मारण्या-जायबंदी करण्याबद्दल आहे, पण तिथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. मरीन ड्राइव्हवर डिलिव्हरी करणाऱ्या एका तरुणाच्या दुचाकीच्या धडकेत भटका कुत्रा मेला, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला होता. माणसांसाठीची कलमं कुत्र्याला लागत नाहीत, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. सोडवताना तुम्हालाच दात लागला असेल किंवा तुम्ही पडला असाल तर मात्र तक्रार जरूर द्या. त्यातही वेळ किती जातो पाहा: मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने माणसाला चावल्याच्या खटल्यात मालकाला शिक्षा झाली ती २०२३ मध्ये.

तुमचा खरा दावा निष्काळजीपणाबद्दलच्या नुकसानभरपाईचा, म्हणजे दिवाणी. त्यात दोन गोष्टी दाखवायच्या: कुत्रा अंगावर जातो हे मालकाला माहीत होतं, आणि तरी त्याने काळजी घेतली नाही. पहिली गोष्ट बहुतेक वेळा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच सापडते. "तुमचा शेरू आवरा, काल दूधवाल्याच्या मागे लागला" असा वर्षभरापूर्वीचा एक मेसेज दहा साक्षीदारांना भारी पडतो. तो शोधा आणि मूळ चॅट जपून ठेवा. फाटक उघडं होतं हे वॉचमनने पाहिलं असेल तर आत्ताच लिहून घ्या, वॉचमन बदलत राहतात. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून आजच सेक्रेटरींना लेखी मागणी द्या. पुढे कोर्टात ते लागलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

डॉक्टरांच्या कागदावर मी सगळ्यात जास्त भर देईन. माझ्या अशिलाच्या कुत्र्याच्या मानेवर वरून वाटाण्याएवढी दोन भोकं दिसत होती. केस भादरल्यावर कळलं की आतली कातडी स्नायूपासून सुटली होती. पू काढायला नळी घालावी लागली, पुढे कातडीचा एक तुकडा काळा पडला आणि तो कापून काढला. समोरचे बैठकीत म्हणाले, "दोन दातांचे एवढे पैसे?" डॉक्टरांनी भादरल्यावर काढलेला फोटो टेबलावर ठेवला, तेव्हा तो विषय तिथेच संपला. तसे फोटो मागून घ्या. शिवाय श्वानदंशाने जखम झाल्याचं, तारखेसह, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकाचं प्रमाणपत्र आणि पुढच्या खर्चाचा अंदाजही घ्या.

आता रक्कम. कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता. मला हे अजूनही टोचतं, पण आहे ते असं आहे. म्हणून "कुत्रीची किंमत नाही तेवढं बिल" हा युक्तिवाद येणार. उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे होते, हे त्याचं उत्तर. बिलं, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्यांचं भाडं, सगळं पावत्यांसह मागा. मनस्तापाची रक्कम मागता येते, पण तिच्यावर विसंबू नका आणि आकडा फुगवू नका. एक खोटी पावती निघाली की खऱ्यांवरचाही विश्वास जातो.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा, म्हणजे दावा लावण्याआधीच प्रकरण तडजोडीसाठी लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी नाही, आणि महिला म्हणून तुम्हाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती दिवाणी हुकूमनाम्यासारखीच अंमलात येते, त्यावर अपील नाही. शेजारी आलाच नाही तर दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत असते. त्याने कुत्र्याचा विमा काढलाय का तेही विचारा, काही पॉलिसींमध्ये तिऱ्हाइताचं नुकसान भरून देण्याची तरतूद असते.

कुत्रा सोसायटीतून काढा, ही मागणी करू नका. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीने बंदी घालू नये, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि त्या मागणीने माणूस हट्टाला पेटतो. माझ्या त्या प्रकरणात ती मागणी मागे घेतल्यावरच समोरचा मालक हप्त्यांनी पैसे द्यायला तयार झाला. पट्टा आणि बंद फाटक मात्र लेखी घ्या. तडजोडीत "या जखमेमुळे पुढे येणारा खर्च" हे शब्द हवेतच.

तुमच्या कुत्रीचा महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड नोटिशीला जोडा, समोरचा वकील पहिल्यांदा तेच मागतो. आणि चावल्यानंतर रेबीजचा बूस्टर दिलाय का, हे डॉक्टरांना आजच विचारा. नोटीस उद्या गेली तरी चालेल.