हेल्पडेस्कला पासवर्ड रीसेट करता यावा म्हणून डोमेन ॲडमिन (सगळ्या डोमेनवर पूर्ण अधिकार असलेला) करावंच लागतं का?

नाही. अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑफिस पलासियाला, कारखाना पीथमपूरला, सगळी खाती एकाच ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे खाती आणि परवानग्या सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत. ओयूवर (खाती ठेवायच्या फोल्डरसारख्या विभागावर) डेलिगेशन, म्हणजे ठरावीक कामापुरता अधिकार, दिलं, तरी चार-पाच खात्यांना हेल्पडेस्कच्या मुलाला ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, आणि व्हेंडर म्हणतो, ‘डोमेन ॲडमिन करून टाका, मिटला प्रश्न.’ इंदुरात हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चूक आहे. अडचण कुठे आहे हे न बघता घराची सगळी कुलपं काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे.

डिरेक्टरीतलं प्रत्येक खातं, ग्रुप, कॉम्प्युटर, ओयू हा ऑब्जेक्ट असतो. त्यात कोणते रकाने असू शकतात ते स्कीमातला (डिरेक्टरीच्या आराखड्यातला) क्लास ठरवतो. कोण काय करू शकतो ते मात्र त्या ऑब्जेक्टवरच लिहिलेलं असतं: मालक कोण, परवानग्यांची यादी, ऑडिटची यादी. ओयूवर दिलेली परवानगी वारशाने खाली उतरते, पण खालच्या ऑब्जेक्टने वारसा घेणं बंद केलेलं नसेल तरच. तुमच्या चार-पाच खात्यांनी तो बंद केलेला असणार.

खात्री करून घ्या. डिरेक्टरी सांभाळायच्या ‘युजर्स अँड कॉम्प्युटर्स’ या प्रोग्रामच्या व्ह्यू मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचर्स चालू करा. त्याशिवाय सिक्युरिटीचा टॅब दिसतच नाही. मग अडलेलं खातं उघडा, सिक्युरिटी, तिथून ॲडव्हान्स्ड. खाली ‘एनेबल इनहेरिटन्स’ असं बटण दिसलं तर वारसा बंद आहे. ॲट्रिब्यूट एडिटरमध्ये ‘ॲडमिनकाउंट’ बघा. तिथे १ असेल तर हे खातं कधी ना कधी संरक्षित ग्रुपात, म्हणजे मोठे अधिकार असल्यामुळे डिरेक्टरी ज्यांना खास जपते अशा ग्रुपात, होतं. डोमेन ॲडमिन्समध्येच असायला हवं असंही नाही. अकाउंट ऑपरेटर्स, बॅकअप ऑपरेटर्स, प्रिंट ऑपरेटर्स हेही संरक्षित. प्रिंटर अडला म्हणून कुणीतरी कारखान्यातल्या माणसाला प्रिंट ऑपरेटर्समध्ये टाकतो आणि विसरून जातो. या ग्रुपातल्या माणसाला डोमेन कंट्रोलरवर (डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवर) बसून लॉगिन करता येतं, तिथे ड्रायव्हरही चढवता येतो. एका प्रिंटरसाठी ही केवढी किंमत!

पीडीसी एम्युलेटरवर, म्हणजे खास जबाबदारी दिलेल्या एका डोमेन कंट्रोलरवर, दर ६० मिनिटांनी एक काम चालतं. ते संरक्षित ग्रुपांतलं प्रत्येक खातं तपासतं, परवानग्या वेगळ्या दिसल्या की सिस्टिम कंटेनरमधल्या ॲडमिनएसडीहोल्डर या नमुना ऑब्जेक्टवरची परवानग्यांची यादी त्यावर चढवतं आणि वारसा बंद करतं. म्हणून हाताने दिलेली परवानगी तासाभर चालते आणि नाहीशी होते. लोक रेप्लिकेशनला (सर्व्हरांनी एकमेकांशी माहिती जुळवण्याला) दोष देत बसतात. खातं ग्रुपातून काढलं तरी १ तसाच राहतो, वारसाही आपोआप परत येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी ग्रुपातून काढा. ‘मेंबर ऑफ’मध्ये फक्त थेट सदस्यत्व दिसतं, तेव्हा ग्रुपातला ग्रुपही शोधा, तो राहिला तर तासाभरात सगळं पुन्हा जैसे थे. मग ॲडमिनकाउंट रिकामा करा, शेवटी वारसा चालू करा. ॲडमिनएसडीहोल्डरवरच हेल्पडेस्कला परवानगी देण्याचा शॉर्टकट घेऊ नका. खऱ्या डोमेन ॲडमिनचा पासवर्ड ज्याला बदलता येतो तो स्वतःच डोमेन ॲडमिन झाला. खऱ्या ॲडमिनची खाती अडतात ती अडायलाच हवीत.

डेलिगेशन व्यक्तीला देऊ नका, ग्रुप करून त्याला द्या. विझार्डमधल्या पासवर्ड रीसेटच्या पर्यायात अनलॉक (कुलूप लागलेलं खातं उघडणं) येत नाही. त्यासाठी ‘लॉकआउटटाइम’ हा रकाना लिहिण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. आणि परवानगी ‘पीथमपूर ओयूला’ देऊ म्हणणाऱ्यांना सांगा की ओयूला एसआयडी (परवानगी ज्याच्या नावे लिहिली जाते तो ओळख क्रमांक) नसतो, त्यामुळे त्याला काहीच देता येत नाही. ती नॉव्हेलच्या (दुसऱ्या कंपनीच्या जुन्या डिरेक्टरीच्या) काळातली सवय. ओयूवर डिनाय (मनाई) लावून निश्चिंत होणाऱ्यांचंही तसंच: ऑब्जेक्टवर थेट दिलेला अलाऊ (मुभा) वारशाने आलेल्या डिनायच्या आधी वाचला जातो.

जाता जाता, डिस्क्रिप्शनच्या रकान्यात पासवर्ड लिहिलेले असतील तर आजच पुसा आणि बदलाही. तो रकाना डोमेनमधल्या कुठल्याही लॉगिन केलेल्या माणसाला वाचता येतो.

हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीपुरतं. ओपनएलडॅप या दुसऱ्या, मुक्त डिरेक्टरीत नियम सहसा सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये असतात आणि पहिला जुळलेला नियम लागू होतो, तिथे यातलं फारसं चालणार नाही.

दुरुस्तीनंतर त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीतल्या ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’मध्ये हेल्पडेस्कच्या मुलाचं नाव घालून बघा. तासाभराने पुन्हा बघा. दोन्ही वेळा रीसेट पासवर्डवर बरोबरची खूण दिसली तरच व्हेंडरला फोन लावा.