गौरी-गणपती आणि दिवाळीच्या सजावटीचे सामान वर्षभर खराब न होता कसे ठेवावे?

आपला प्रश्न असा आहे की, यंदापासून सासरचे गौरी-गणपती आपल्या दोन खोल्यांच्या घरी आले आहेत, त्यांच्याबरोबर मखर, मुखवटे, साड्या, दागिने आणि दिव्यांच्या माळा आल्या आहेत, घरात न्हाणीघरावरचा एकच माळा आहे, आणि गेल्या वर्षी खोक्यात नीट भरून ठेवलेले सामान उघडले तेव्हा त्यातले निम्मे खराब निघाले. डोंबिवलीतल्या अशाच एका घरात गेली अठरा वर्षे हे सामान माझ्या हाताखाली आहे, म्हणून अनुभवाने ठरत गेलेली पद्धत सविस्तर लिहिते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते, ती म्हणजे गणपतीचे सामान एकदा नव्हे, दोनदा बांधायचे असते. पहिली बांधणी विसर्जनानंतर, ती तात्पुरती. आणि दुसरी, कायमची, दिवाळीच्या तोंडावर. याचे कारण आपल्या हवेत आहे. भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो. कापड, पुठ्ठा, लाकूड आणि सुतळीसुद्धा त्या दिवसांत ओल धरून असते, ती हाताला जाणवत नाही एवढेच. अशा वेळी आपण सगळे प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या खोक्यात भरतो, तेव्हा सामानाबरोबर ती ओलही आत कोंडली जाते. मुंबई-पुण्याकडून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि मग कोरडे, कडक ऊन पडते. गणेशचतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतर सहसा आठ आठवड्यांचे असते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२०सारखा अधिक आश्विन आला तर आणखी एक महिना मिळतो. दिवाळीचे खोके काढण्यासाठी माळा उघडावा लागतोच, त्याच दिवशी गणपतीचे सामान उन्हातून काढून कायमचे बंद करावे, म्हणजे वेगळा दिवसही मोडत नाही.

हे मला तिसऱ्या वर्षी कळले. त्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मला कामावर रुजू व्हायचे होते, म्हणून ज्येष्ठेची जांभळी पैठणी मी तशीच घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. पुढच्या भाद्रपदात ती उघडली, तेव्हा पदरावरच्या मोरांची जर काळवंडलेली होती आणि निऱ्यांपाशी एक सेफ्टी पिन राहून गेली होती, तिच्याभोवती गंजाचा तपकिरी डाग पडला होता. तो डाग आजतागायत गेलेला नाही. ती साडी सासूबाईंच्या लग्नातली होती. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्या वर्षापासून साडी उतरवताना मी किती पिना लावल्या आणि किती निघाल्या हे मोजते.

विसर्जनानंतरची पहिली बांधणी साधी असावी. गणपती ज्या पाटावरून नेतो तो पाट ओला आणि वाळूने भरून परत येतो. तो पुसून, भिंतीला उभा टेकवून सावलीत वाळवावा, कडक उन्हात टाकला तर फळी वाकते. कापडी पडदे आणि आसने हळदीकुंकवाचे डाग ताजे असतानाच गार पाण्याने धुवावीत. खरी फुले, पाने, दूर्वा, कापूस यांतला कणही सामानात राहू देऊ नये, कारण एक सुकलेला हार अख्ख्या खोक्याला कीड लावतो. एवढे झाले की सगळे सामान जुन्या सुती चादरीत गुंडाळून, झाकण न लावता, पलंगाखाली किंवा कपाटावर ठेवावे. दिवाळीपर्यंत त्याला हवा लागू द्यावी.

मखर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून छायाचित्रे घ्यावीत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून बहुतेक घरांत पुठ्ठ्याची घडीची, लाकडी किंवा कापडी मखरे आली आहेत आणि ती वर्षानुवर्षे वापरता येतात, फक्त जोड ओळखता आले पाहिजेत. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर, मागच्या बाजूला, पेन्सिलीने एकच आकडा लिहावा: खांबावर चार तर त्यात बसणाऱ्या पट्टीवरही चार. ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे मात्र लिहू नये, कारण पुढच्या वर्षी तो डावा आपला की देवाचा यावर घरात अर्धा तास जातो. आकडे लिहिले की तो प्रश्नच उरत नाही. स्क्रू आणि खिळे एका लहान कापडी पिशवीत घालून ती पिशवी मखराच्याच एखाद्या खांबाला बांधावी. ती वेगळ्या डब्यात ‘जपून’ ठेवली की चतुर्थीच्या आदल्या रात्री सापडत नाही. गोव्यातली आणि तळकोकणातली मंडळी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायची, लाकडी चौकट वर्षभर ठेवतात, त्यांनीही तिच्या प्रत्येक पट्टीतून सुतळीचे आणि वेलींचे तुकडे काढून मगच ती ठेवावी.

मुखवट्यांना सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्याकडचे मुखवटे पितळी आहेत की शाडूचे, हे आपण लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही सांगते. पितळी मुखवटा चिंचेने किंवा पितांबरीने घासला तरी चालतो, पण डोळे, भुवया आणि कुंकू रंगवलेले असेल तर तेवढा भाग सोडून बोटाला कापड गुंडाळून घासावे. खरी मेख धुण्यात आहे. नाकपुड्या, कानांची भोके आणि मुकुटाच्या नक्षीत चिंचेचा आंबटपणा राहिला की तिथेच हिरवा कळंक चढतो. म्हणून भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, मुखवटा तासभर उन्हात पालथा ठेवावा. शाडूच्या मुखवट्याला पाणी अजिबात लावू नये. रंगकामाच्या मऊ कुंचल्याने वरून खाली धूळ झटकावी, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर कापसाची पातळ गादी ठेवावी, मग धुतलेले मलमल गुंडाळावे. दोन्ही मुखवट्यांना दोन वेगळे डबे असावेत, चेहरा वर असावा आणि त्यावर दुसरे काहीही ठेवू नये. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात. गौरींच्या लोखंडी स्टँडला यंत्राचे तेल चोळून वर्तमानपत्र गुंडाळले की गंज धरत नाही. पुढच्या वर्षी साडी नेसवण्यापूर्वी ते तेल कोरड्या फडक्याने काढायला मात्र विसरू नये.

जरीच्या साड्या मलमलमध्ये ठेवाव्यात, प्लास्टिकमध्ये नाही, आणि वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालावी, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. मी वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवते. चांदीच्या दूर्वा, जास्वंद किंवा मुकुट असेल तर त्याला रबरबँड कधीही लावू नये, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. हवाबंद पिशवीत खडूचा एक तुकडा घालून ठेवली तर ती बरीच उजळ राहते. मोत्यांचे दागिने नेमके उलट, ते हवाबंद न ठेवता मऊ कापडात, एकमेकांना न घासतील असे ठेवावेत.

आता दिव्यांच्या माळा, ज्या आपल्याकडे सर्वांत जास्त खराब निघाल्या. माळ गुंडाळण्यापूर्वी एकदा लावून पाहावी. अर्धीच पेटत असेल तर त्या भागातला एखादा दिवा किंवा सांधा गेलेला असतो, कारण या माळांत दिव्यांचे गट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि एक तुटला की त्याचा पूर्ण गट बंद होतो. अशी माळ त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी, बिघडलेली म्हणून बाजूला ठेवू नये. गुंडाळायला वहीच्या आकाराचा जाड पुठ्ठा घ्यावा, त्याच्या दोन टोकांना कात्रीने खाच पाडावी, दिव्याचे टोक एका खाचेत अडकवून माळ सैलसर गुंडाळत जावे आणि प्लग सर्वांत शेवटी, बाहेरच्या बाजूला येऊ द्यावा. म्हणजे पुढच्या वेळी माळ न सोडवताच तपासता येते. कोपरावर गुंडाळून गाठ मारण्याची सवय सोडावी, कारण तार बहुतेक वेळा प्लगजवळ किंवा रंग बदलणाऱ्या डबीजवळच तुटते, आणि गाठीचा ताण तिथेच येतो. बांधायला कापडाची चिंधी वापरावी. रबर उन्हाळ्यात वितळून तारेला चिकटते. माळा थर्माकोलच्या जुन्या खोक्यात ठेवू नयेत, तारेवरच्या प्लास्टिकने थर्माकोल विरघळून दोन्ही एकजीव होतात. सेलवर चालणाऱ्या दिव्यांतले सेल काढून ठेवावेत.

आकाशकंदील कागदी असेल तर कागद टिकवण्याचा हट्ट धरू नये. कागद सोडवून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा ठेवावा आणि दरवर्षी नवा पतंगी कागद लावावा. हे काम मुलांना आवडते आणि कंदीलही उठून दिसतो. कागद खळीने चिकटवलेला असेल तर झुरळे आणि कसर त्या पिठासाठीच येतात. पूर्वी पुस्तके बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालत ते याचसाठी, पण मोरचूद विषारी आहे, लहान मुले असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये. कापडी कंदिलाच्या झिरमिळ्या पुठ्ठ्याच्या नळीभोवती गुंडाळाव्यात. मातीच्या पणत्या तेलकट ठेवल्या तर तेल खवट होऊन मुंग्या लागतात. त्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून, दोन दिवस उन्हात वाळवाव्यात. रांगोळी नुसती चाळून बरणीत भरली की पुरे.

जागेविषयी एवढेच, की न्हाणीघरावरच्या माळ्यावर खालून वाफ येते आणि एप्रिल-मे महिन्यांत वरून उष्णता. त्यामुळे मेणाच्या पणत्या, मुखवटे, साड्या आणि गोंदाने चिकटवलेले काहीही तिथे ठेवू नये. ते कपाटाच्या खालच्या खणात यावे. माळ्यावर मखर, स्टँड, पाट, कंदिलाचा सांगाडा आणि दिव्यांच्या माळा ठेवाव्यात. प्रत्येक खोक्यावर काय आहे ते दोन बाजूंनी लिहावे, वर लिहिले तर दुसरे खोके आल्यावर दिसत नाही. खोकी ठेवण्याचा क्रमही सणांच्या क्रमाने असावा: दिवाळी आवरताना दिवाळीचे खोके आधी आत सरकवावे आणि गणपतीचे पुढे ठेवावे, कारण पुढच्या श्रावणात आधी तेच लागणार आहे.

यासोबत एक चाळीस पानी वही ठेवावी. माझ्या वहीत प्रत्येक वर्षाला एक पान आहे आणि त्यावर काय आणायचे एवढेच असते. यंदाच्या पानावर निळ्या माळेचा प्लग बदलणे, मखराच्या चार नंबरच्या सांध्याला नवा स्क्रू, आणि कनिष्ठेच्या मुखवट्यासाठी धुतलेले मलमल दोन हात, असे लिहिलेले आहे. वही मखराच्या खोक्यात अगदी वर ठेवते, म्हणजे झाकण उघडताच आधी तीच हाताला लागते.